झाकणावरची चिठ्ठी

व्हर्लिन टॅकेटने गावातल्या लाकूड गिरणीत चाळीस वर्षं काढली, त्यातली तीस भुसा दाबून दाणे करायच्या यंत्रापाशी. हे लाकडाचे दाणे म्हणजे दिसायला पेन्सिलीचे बारके तुकडे. आमच्या डोंगराखालच्या गावात हिवाळ्यात घराच्या शेगडीत दाणे जळतात आणि उन्हाळ्यात अंगणातल्या ग्रिलमध्येही दाणेच जळतात, पण ते वेगळे. शेगडीचे दाणे पाइनचे. त्यात राळ, शिवाय गिरणीच्या मनाला येईल ते: जुन्या फळ्या, रंगाचे पोपडे, सरसाने चिकटवलेले तुकडे. घर गरम झालं म्हणजे झालं, धूर जातो नळकांड्यातून बाहेर. ग्रिलचे दाणे मात्र निव्वळ ओक, चेरी, सफरचंद असल्या लाकडांचे, कारण तो धूर मांसात मुरतो आणि माणसाच्या पोटात जातो. पिशवीवर छापलेलं असतं सगळं. पण पिशवी एकदा फाडली की हवेतल्या ओलीने दाणे फुगतात आणि त्यांचा पुन्हा भुसा होतो, म्हणून घरोघरी ते झाकणाच्या बादलीत ओतून ठेवतात. एकदा का बादलीत गेले, की कोणते कुठले ते ब्रह्मदेवाच्या बापाला कळायचं नाही.

व्हर्लिनला कळायचं. लोक मूठभर दाणे घेऊन त्याच्या दारात यायचे. तो एक दाणा मोडायचा, नाकापाशी धरायचा आणि म्हणायचा, "खुशाल शिजव," नाहीतर, "शेगडीत घाल आणि पोरांना धुरापासून लांब ठेव." गिरणीत त्याला नावाने कोणी हाक मारत नसे. 'नाक' म्हणत. "ए नाका, इकडे ये जरा!" आणि हा गडी त्यावर खूश! त्याची बायको मार्वा म्हणायची, "नाकाने कांदे सोलायची स्पर्धा ठेवा, माझा नवरा पहिला येईल."

तिने मात्र घरात दाणे आले त्या पहिल्याच वर्षी बादल्यांच्या झाकणांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. एकीवर 'शेगडी', एकीवर 'जेवण'. पुढे झाकणं बदलली, चिठ्ठ्या बदलल्या, अक्षर तेच. व्हर्लिन हसायचा. त्याच्या घरात चिठ्ठी म्हणजे डोळसाच्या हातात काठी.

गेल्या जानेवारीत त्याला ताप आला. साधाच, आठ दिवसांचा. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. कॉफी म्हणजे गरम पाणी झालं, साबण म्हणजे नुसता गुळगुळीत दगड. डॉक्टर म्हणाले, येईल परत, काहींचा येतो. व्हर्लिन थांबला. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. त्याने कोणाला काही सांगितलं नाही. बायकोलाही नाही! आता याला काय म्हणावं? तीस वर्षांची कीर्ती, ती काय अशी उंबऱ्यावर ठेवून द्यायची? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून तो गप्प राहिला.

आणि लोक यायचे ते येतच राहिले. जूनमध्ये शेजारचा एल्डन मूठ घेऊन आला. एल्डन डुकरं पाळतो, बोलतो मोजून आणि व्हर्लिनच्या शब्दाला बायबलाखालोखाल मानतो. व्हर्लिनने दाणा मोडला, नाकापाशी धरला, डोळे बारीक केले. काही नाही. शून्य. त्याने रंग पाहिला, मोडताना आलेला कट्‌ आवाज आठवून पाहिला आणि म्हणाला, "खुशाल शिजव."

"नातवंडं येणारेत म्हणून विचारलं," एल्डन म्हणाला.

"अरे, सांगितलं ना!"

तोवर मार्वाच्या पोटातला कर्करोग सगळीकडे पसरलेला होता. ऑगस्टात ती दवाखान्यातून घरी आली ती आता पुन्हा जायचं नाही म्हणूनच. तिची खाट स्वयंपाकघरात खिडकीपाशी टाकली. लेक ट्विला मुक्कामाला आली. रोज येणारी नर्स एका गुरुवारी व्हर्लिनला ओसरीवर घेऊन गेली आणि स्पष्टच बोलली, "तिला काय खावंसं वाटतंय ते विचारा आणि करून घाला. आत्ता दोन-चार घास जातायत. पुढच्या आठवड्यात जातीलच असं मी म्हणणार नाही."

व्हर्लिनने विचारलं.

"फरा," मार्वा लगेच म्हणाली. जणू कधीपासून ठरवून ठेवलं होतं. "डुकराचा फरा, अख्खा खांदा, सफरचंदाच्या धुरावरचा. लग्नात आमच्या बाबांनी केला होता तसा."

"बस? एवढंच?"

"एवढंच म्हणे! दहा तास लागतात त्याला, म्हाताऱ्या. उभं राहवेल का तुला?"

"मी बसून करीन. तू खा म्हणजे झालं."

एल्डनने आपल्या डुकराचा ताजा फरा आणून दिला. शनिवारी उजाडताच व्हर्लिन शेडमध्ये गेला. दोन पांढऱ्या बादल्या शेजारीशेजारी होत्या. 'जेवण' लिहिलेली त्याने उचलली, झाकण काढलं, मूठ भरली आणि सवयीने नाकाशी नेली. मग स्वतःवरच वैतागून मूठ खाली घेतली आणि बादली ग्रिलच्या डब्यात रिकामी केली.

एप्रिलमध्ये शेड झाडताना त्याने दोन्ही झाकणं धुऊन उन्हात टाकली होती. परत बसवताना कोणतं कुठलं ते पाहिलंच नव्हतं. तशी गरज कधी पडली नव्हती ना! चिठ्ठी झाकणावर, दाणे बादलीत, आणि दोन्ही झाकणं दोन्ही बादल्यांना बरोब्बर बसणारी. मधल्या महिन्यांत तर ग्रिल पेटलंच नव्हतं. मार्वा जेवत नव्हती, मग कोणासाठी पेटवायचं?

नऊच्या सुमारास खिडकीतून हाक आली.

"व्हर्लिन, शेगडी कशाला पेटवलीस रे?"

"शेगडी नाही गं. ग्रिल. तुझा फरा लावलाय."

तिने हवा ओढून पाहिली. मग म्हणाली, "बर्फ पडलाय का बाहेर?"

"ऑगस्ट आहे, मार्वा."

"हिवाळ्याचा वास येतोय."

व्हर्लिनने आत येऊन ट्विलाकडे पाहिलं. "औषधाने भ्रमतेय," तो हळूच म्हणाला, पण मार्वाला ऐकू जाईल इतपत. मग खाटेशी वाकून, लहान मुलीला समजवावं तसं म्हणाला, "ऑगस्ट आहे. ऊन पडलंय. सफरचंदाचा धूर आहे तो. नीट वास घे."

तिने नीट वास घेतला. त्याच्या तोंडाकडे बघत घेतला.

"असेल," ती म्हणाली. "तू म्हणतोस तर असेल. मला गोधडी दे."

अकराला तिने दुसरी गोधडी मागितली. दुपारी ट्विलाने पायमोजे चढवले. बाहेर कुत्री सावलीत जिभा काढून पडली होती आणि मार्वा दोन गोधड्यांत, हनुवटीपर्यंत. व्हर्लिन दर तासाला ग्रिलचं झाकण उचलून फऱ्यावर सफरचंदाचं पाणी शिंपडत होता. फरा काळा होत होता. जरा जास्तच काळा, असं त्याला एकदा वाटलं. पण डोळ्यांनी काय कळतं? तीस वर्षं त्याने हे डोळ्यांनी कधी केलं नव्हतं.

चारला एल्डन कुंपणापाशी आला आणि तिथेच थांबला.

"व्हर्लिन," तो म्हणाला, "काय जाळतोयस?"

"सफरचंद."

एल्डनने टोपी काढली, परत घातली. मग अगदी ओशाळून म्हणाला, "तुला मी काय सांगणार बाबा, तू नाक. पण ही पाइन आहे. माझ्या गोठ्यापर्यंत राळेचा वास येतोय."

व्हर्लिनने ग्रिलच्या डब्यात हात घातला. दाणे चिमटीत चुरडून उन्हात धरले. भुशात एक हिरवा कण होता, मग एक पांढरा. रंगाचे पोपडे. हेच दाणे त्याने स्वतः वर्षानुवर्षं पिशव्यांत भरले होते. त्याने शेडमध्ये जाऊन 'शेगडी'चं झाकण काढलं. त्या बादलीतले दाणे गडद, घट्ट, एकसारखे होते. तो तिथेच पालथ्या खोक्यावर बसला.

ट्विला मागोमाग आली. तिला सांगावं लागलं. झाकणांचं आधी सांगितलं, मग नाकाचं.

"जानेवारीपासून?" ती म्हणाली. "बाबा, जानेवारीपासून?"

"ओरड हवं तर."

ती ओरडली नाही, हे जास्त वाईट झालं. ती म्हणाली, "वरचं काळं कापून टाकू. आतला मऊ भाग घेऊ. एक घास. तिला आता त्याने काय होणार आहे, बाबा? आता काय व्हायचं राहिलंय?"

खरंच होतं ते. व्हर्लिनने आत जाऊन सुरी घेतली, फरा पाटावर काढला, वरचं जाड साल कापलं. आतल्या रेषा छान सुटत होत्या. त्याने एक रेषा एल्डनपुढे धरली. एल्डनने जिभेवर ठेवली आणि तोंड फिरवून थुंकली.

"कडू?"

"टर्पेंटाइन प्यायल्यासारखं."

"मी तो रंगाचा भुसा हाताने भरलाय," व्हर्लिन ट्विलाला म्हणाला. "भरताना आम्ही तोंडाला फडकं बांधायचो. तो धूर तिच्या तोंडात घालू? शेवटचा घास म्हणून?" त्याने सुरी खाली ठेवली. "नाही घालणार. मरणाऱ्या माणसाला काय कळतंय म्हणून नाही घालणार."

त्याने तो सगळा फरा परसात खोल खड्डा करून पुरला, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड ठेवले. मग हात धुऊन मार्वापाशी गेला.

"आज जेवण नाही," तो म्हणाला. "माझ्या हातून शेगडीचे दाणे पडले. मला वास येत नाही, मार्वा. गेला तो परत आलाच नाही."

"माहितेय मला."

"काय माहितेय?"

"फेब्रुवारीत दूध करपलं. तू शेगडीला पाठ लावून पेपर वाचत होतास. भांड्याचा कोळसा झाला तरी ढिम्म हलला नाहीस." तिने दम घेतला. "तू सांगशील म्हणून थांबले. म्हटलं, एवढा मोठा नाकवाला, स्वतःच्या तोंडाने सांगू दे."

"मग सकाळी का नाही बोललीस? तुला पाइनचा वास आला होता."

मार्वाला राग आला असता तर बरं झालं असतं.

"तू म्हणालास मी भ्रमलेय," ती म्हणाली. "मला वाटलं, भ्रमलेच असेन. डोकंही गेलं असेल आता. दिवसभर मी त्याच भीतीत होते, व्हर्लिन."

त्याने तिच्या गोधडीवर डोकं टेकलं आणि रडला. म्हातारा माणूस रडतो तसा, आवाज न करता, खांदे हलवत. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. थोड्या वेळाने म्हणाली, "आता पुरे. गोधड्या काढ आधी. उकडून मारतोयस मला."

एल्डनच्या फ्रीझरमध्ये आणखी एक फरा होता, पण दगड झालेला. सुटायला दोन दिवस लागणार होते. म्हणजे मंगळवार. दुसरा उपाय नव्हता. नर्सला विचारलं तेव्हा ती फक्त म्हणाली, "बघू या."

रविवारी मार्वाला हुशारी वाटली. तिने फर्मान काढलं, शेडमधले सगळे दाणे आत आणा. सगळे. व्हर्लिनने बादल्या आणल्या, अर्ध्या पिशव्या आणल्या, लोकांनी कधीकाळी दाखवायला म्हणून आणलेले डबे आणले. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा राहिली नाही. तो एकेक मूठ भरून तिच्या नाकापाशी धरायचा आणि ती डोळे मिटून निकाल द्यायची.

"हे ओक. ठीक."

"हे?"

"शी! तेल मारलंय वरून वासाचं. लाकडाला स्वतःचा वास नाही म्हणून अत्तर. टाक."

"आणि हे?"

"चेरी. पण ओल लागलीय. टाक."

"चेरी टाकू?"

"बुरशी खायचीय का तुला? टाक म्हटलं ना! नाक कोण आहे इथे?"

ट्विला हसली. मार्वाही हसली, आणि हसताना दुखलं तरी हसली. 'शेगडी'च्या झाकणाखालची बादली आली, तेव्हा मात्र तिने व्हर्लिनचं मनगट धरलं आणि मूठ बराच वेळ नाकाशी ठेवली.

"हे आमच्या बाबांचं अंगण," ती म्हणाली. "हेच."

मग तिने जाड पेन मागितलं. दोन्ही झाकणांवरच्या चिठ्ठ्या सोलून काढायला लावल्या आणि बादल्यांच्या पोटावर तेच दोन शब्द स्वतः लिहिले. अक्षर घसरत खाली गेलं, शेवटचं तर बादलीच्या बुडाला टेकलं. "तीस वर्षं चुकीच्या जागी लिहीत होते," ती म्हणाली. "झाकणाचं काय, ते कोणाच्याही डोक्यावर बसतं."

मंगळवारी पहाटे व्हर्लिनने डब्यातले जुने दाणे काढून टाकले आणि सफरचंदाचे घालून ग्रिल पेटवलं. नऊच्या सुमारास तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. विचारायची हिंमत होईना.

"येतोय," ती आतून म्हणाली. तिने गोधडी मागितली नाही. "पातळ, गोडसर येतोय. तू उगाच फुंकर घालू नकोस, असाच राहू दे." थोड्या वेळाने म्हणाली, "तुला काहीच येत नाही का रे?"

"काहीच नाही."

"मग मी सांगते." आणि ती सांगत राहिली. अकराला म्हणाली, आता चरबी सुटतेय, वास जड झालाय. बाराला म्हणाली, आता साखर जळल्यासारखा येतोय, पण थोडा, चांगला. व्हर्लिन खुर्ची खिडकीला लावून बसला आणि ती सांगेल तसं ऐकत राहिला. साडेबारानंतर तिचं बोलणं थांबलं. त्याला वाटलं, झोप लागली.

चारला फरा उतरवला. हाड नुसतं ओढलं तर सुटून आलं. व्हर्लिनने छोट्या बशीत चार मऊ रेषा घेतल्या, वर थोडा रस घातला आणि आत आला. नर्स खाटेपाशी होती. तिने बशीकडे पाहिलं, मग व्हर्लिनकडे.

"आता गिळता येणार नाही तिला," ती म्हणाली. "अडकेल. मला माफ करा."

"एक रेषासुद्धा?"

"नाही."

त्याने बशी मार्वाच्या उशीपाशी ठेवली. वाफ तिच्या चेहऱ्यावर जात होती. तिच्या नाकपुड्या हलल्या का? ट्विला म्हणते हलल्या. व्हर्लिन म्हणतो त्याला दिसलं नाही, आणि त्याला खोटं बोलायचं नाही. बशी गार झाली तरी कोणी उचलली नाही. बुधवारी उजाडताना मार्वा गेली.

शनिवारी ती जेवू शकत होती. दोन-चार घास, पण जेवली असती. हे गावात कोणी व्हर्लिनला म्हटलं नाही, म्हणायची गरजही नव्हती.

दफनानंतर चर्चच्या मागच्या हॉलमध्ये जेवण असतं. बायका बटाट्याची कोशिंबीर, बीन्स, केक घेऊन येतात, घरच्यांनी काही आणायचं नसतं. व्हर्लिनने तरी तो फरा आणला. चारशे जणांच्या गावातले निम्मे तिथे होते आणि सगळ्यांनी तो घासघास खाल्ला. जो तो म्हणाला, असा फरा खाल्ला नव्हता. व्हर्लिनने स्वतःही एक घास घेतला. ऊन, मऊ, ओलसर, बाकी काही नाही. त्याने तो बराच वेळ चावला.

लोक पांगायला लागले तेव्हा एल्डन त्याच्यापाशी येऊन बसला. काय बोलावं ते त्याला सुचेना. मग सुचलं तेच त्याने केलं, गरीब बिचाऱ्याने, गेली तीस वर्षं करत आला तेच. कोटाच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि सोडली. आत मूठभर दाणे होते.

"शिकारीच्या मुक्कामाला न्यायचेत," तो म्हणाला. "आज विचारू नये, कळतंय मला. पण म्हटलं, तेवढंच तुझं मन... जरा बघतोस?"

व्हर्लिनने दाणे हातात घेतले. आजूबाजूला गिरणीतले चार-पाच जण होते, ते ऐकत थांबले. व्हर्लिनचा हात सवयीने वर गेला. नाकापर्यंत गेला. मग त्याने ते दाणे पुन्हा रुमालात ठेवले आणि रुमाल बांधला.

"मला वास येत नाही," तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "जानेवारीपासून येत नाही. तुमच्यापैकी त्यानंतर ज्याला ज्याला मी होय म्हटलंय, त्याने ते दाणे शेगडीत घाला. एल्डन, जूनमधलेही. नातवंडांना त्यावर काही करून घालू नकोस."

कोणीतरी खुर्ची सरकवली.

"मग आम्ही आता कोणाला विचारायचं?" एल्डन शेवटी म्हणाला.

"मार्वाला विचारायला हवं होतं," व्हर्लिन म्हणाला. "मीसुद्धा."